साळवेबाईंची टिचकी

साळवेबाईंच्या टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात एक कान तुटलेला कप होता. पांढरा, निळ्या काठाचा, काठावरचा एक टवका उडालेला. विमा कंपनीच्या भिवंडी शाखेत मोटारींचे दावे ज्या टेबलावर यायचे, त्या टेबलाच्या खणात कोरे अर्ज, कार्बन पेपर आणि टाचण्या असाव्यात. त्या होत्याच. कप त्यांच्याखाली फडक्यात गुंडाळून ठेवलेला असे आणि फक्त एका माणसासाठी बाहेर निघे.

मी तेव्हा सर्व्हेअर होतो. गाडी ठोकली की गॅरेजात जायचं, काय मोडलं, काय बदलायचं, कुठला पत्रा ठोकून सरळ होईल ते ठरवायचं, हे माझं काम. गाडीमालकाला वाटायचं हा आपला दावा कापायला आलाय. कंपनीला वाटायचं हा मालकाला सामील आहे. गॅरेजवाला मात्र दोघांच्याही देखत चहा सांगायचा. ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांत मी ठाण्याहून एस.टी.नं भिवंडीला यायचो आणि आधी शाखेत साळवेबाईंकडून कागद घ्यायचो.

कपाची गोष्ट अशी. कल्याण रोडला वामनरावांचं गॅरेज होतं. एका ट्रकच्या मोडक्या सामानाची मोजदाद करायला कंपनीनं बाईंना माझ्याबरोबर पाठवलं. वामनराव बोलायला गोड. "या मॅडम, बसा मॅडम," सगळं झालं. मग चहा आला. मला बशीसकट कप आला, वामनरावांना आला, ट्रकमालकाला आला. बाईंसाठी पोऱ्यानं बाहेरच्या कट्ट्यावर पालथा घातलेला एक कप उचलला, विसळला आणि त्यात चहा ओतला. त्या कपाला कान नव्हता. टेमघरच्या बौद्ध वस्तीतल्या बाईला कुठल्या कपात चहा द्यायचा, हे त्या गॅरेजात कोणी कोणाला सांगावं लागत नव्हतं.

मी काही बोलणार तेवढ्यात बाईंनी कप उचलला. दोन्ही हातांत धरून चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायल्या. मग उठून नळावर गेल्या, कप स्वतः धुतला, पदरानं पुसला आणि पिशवीत टाकला.

"अहो मॅडम, कप..." वामनराव म्हणाले.

"आवडला मला. घेऊन जाते. तुम्हाला तसाही दुसऱ्या कोणासाठी लागत नसेल."

पुढच्या आठवड्यात वामनराव एस्टिमेट घेऊन शाखेत आले. बाईंनी सगळ्यांना चहा मागवला. आम्हाला ग्लासातून आला. वामनरावांचा ग्लास बाईंनी आपल्या हातानं त्या कपात रिकामा केला आणि त्यांच्यापुढे ठेवला. "हा तुमचा कप," त्या म्हणाल्या. वामनरावांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता आणि मी तो मन लावून बघितला. दावे बाईंच्याच हातून पुढे सरकायचे, त्यामुळे न पिऊन सांगतात कोणाला. पुढे वामनराव जितक्या वेळा आले तितक्या वेळा त्यांना त्याच कपात चहा मिळाला. बाईंनी त्यांचा एकही कागद अडवला नाही, एकही शब्द वाकडा बोलल्या नाहीत. फक्त कप.

लोक सांगतात, माणसानं विसरायला शिकावं, मोठ्या मनानं क्षमा करावी. हे सांगणाऱ्यांचं बहुतेक कधी कोणी काही बिघडवलेलं नसतं. मला साळवेबाई आवडायच्या त्या त्यांच्या डूख धरण्यामुळेच, हे मी आधीच सांगून टाकतो. पण त्यांना 'डूख धरतात' म्हटलेलं चालायचं नाही. "मी राग धरत नाही साहेब," त्या म्हणायच्या, "ठेवते. धरून बसलं की आपलाच हात दुखतो."

दिसायला त्या अगदी साध्या. ठेंगण्या, सावळ्या, सुती साडी, चष्म्याच्या एका काडीला दोरा गुंडाळलेला. आवाज मऊ, आणि राग आला की आणखी मऊ व्हायचा. एका वाक्यात दोनदा 'अहो' म्हणाल्या की समोरच्यानं सांभाळून असावं, हे शाखेतल्या शिपायापासून सगळ्यांना माहीत होतं. एका नव्या साहेबांना मात्र माहीत नव्हतं. त्यांनी शिपायाकरवी निरोप पाठवला की ऑफिसात सुक्या बोंबलाची चटणी आणू नये, वास येतो. "अहो, बरोबरच आहे की अहो," बाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या ऑफिसाबाहेर जेवायला लागल्या. मागच्या बाजूला सावली एकाच कट्ट्यावर पडायची आणि तो कट्टा साहेबांच्या खिडकीखाली होता. हळूहळू शाखेतले निम्मे लोक तिथं डबे घेऊन बसायला लागले, आणि पैज लावल्यासारखे सगळेच बोंबील आणायला लागले. साहेबांनी अख्खा मे महिना खिडकी बंद ठेवून काढला आणि मग बदली मागून घेतली.

दावा घेऊन कोणीही आलं की बाई चष्मा वर करून आधी एकच प्रश्न विचारायच्या. "गाडी कोण चालवत होतं?"

प्रश्न साधा आहे, पण त्या काळी भिवंडीत याच्याइतका अवघड प्रश्न नव्हता. लूम वाढत होत्या, गोदामं उठत होती, ज्याच्या त्याच्या दारात गाडी आली होती. लायसन मात्र घरटी एखाद्याकडे. मग गाडी कोणीही ठोको, कागदावर त्या लायसनवाल्याचं नाव लागायचं. बिनलायसनचा माणूस चालवत होता असं लिहिलं तर कंपनी हात वर करणार, म्हणून ही पद्धत. याला कोणी लबाडीही म्हणत नसे. पाहुण्याला चहा विचारावा तसं ते रीतीचं होतं.

एकदा एक लूमवाले शेठ आले. मडगार्ड चेपलेलं, दिवा फुटलेला.

"गाडी कौन चला रहा था?" बाईंनी विचारलं. भिवंडीत हिंदी शिकावी लागत नाही, ती येतेच.

"हमारे मामू, बाईजी. लायसन है उनका, ये देखिए."

"मामू कहाँ हैं?"

"मामू तो मुलुक गए हैं."

"कब से?"

"ईद से."

बाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, मग अर्जातल्या अपघाताच्या तारखेकडे पाहिलं. "तो मामू मुलुक में बैठ के इधर की गाडी चला रहे थे? बहुत लंबा पैर है मामू का."

शेठ स्वतःच आधी हसले. अर्ज परत घेतला आणि महिन्याभरात खरोखरचं लायसन काढून बाईंना दाखवायला आले. त्यांच्यावर बाईंचा काही राग नव्हता. ईदला त्यांच्याकडून शीरखुर्मा यायचा आणि बाई डबा रिकामा परत पाठवायच्या नाहीत. रीतीनं खोटं बोलणारा त्यांना चालायचा. दुसऱ्याच्या डोक्यावर पाय देऊन खोटं बोलणारा चालायचा नाही, आणि तसा एक त्यांच्या घरापर्यंत आला.

त्यांचा धाकटा भाऊ मिलिंद लूम दुरुस्त करणारा कारागीर होता. संध्याकाळी शिफ्ट संपवून सायकलनं घरी येत असताना टेमघरच्या वळणावर त्याला एका ॲम्बेसेडरनं उडवलं. नाल्याच्या काठाला गाडी तिरकी होऊन थांबली. मिलिंद वाचला, पण उजवा पाय गुडघ्यापासून कायमचा आखडला. गाडी भाऊशेठची होती. भाऊशेठ म्हणजे गोदामांना जमिनी देऊन मोठा झालेला माणूस. गळ्यात साखळी, दारात बैलांची शर्यतीची जोडी आणि तोंडात सतत मुलाचं कौतुक. मुलाचं नाव पिंट्या. मिसरूड फुटायच्या वयाचा, लायसन नाही.

मिलिंदनं दवाखान्यात शुद्धीवर आल्या आल्या सांगितलं, "गाडी पिंट्या चालवत होता. माझ्या डोळ्यांनी बघितलाय."

पण तोपर्यंत भाऊशेठचा लायसनवाला ड्रायव्हर लक्ष्मण पोलिसांत जाऊन 'मीच होतो' म्हणून सही करून आला होता.

भाऊशेठ बाईंच्या घरी आले. मोसंब्यांची पिशवी घेऊन आले, खुर्चीत बसले. "लक्ष्मणला मी लय झापलाय," म्हणाले. "चूक झाली त्याची. कंपनी भरंल, तुमी काय काळजी करू नका."

"गाडी तुमच्या पिंट्यानं ठोकलीय," मिलिंद खाटेवरून म्हणाला.

भाऊशेठ हसले. जमलेल्या शेजाऱ्यांकडे बघून म्हणाले, "पोराला भास झाला हाय. डोक्याला मार लागला का व्हतो भास."

मोसंबी ठेवून ते गेले. वस्तीत तो शब्द राहिला. वर्षभरातच पोरंटोरं मिलिंदला 'भास्या' म्हणायला लागली. काही दिसलं असं तो म्हणाला की कोणीतरी विचारायचं, भास तर नाही ना? पायाचं दुःख मिलिंदनं गिळलं होतं, पण तो शब्द काही त्याला गिळता आला नाही. तो माणसांत जायचा बंद झाला. आणि साळवेबाईंनी ठरवलं की हा शब्द भाऊशेठच्याच तोंडात परत घालायचा. मला त्यांनी हे चक्क सांगितलं. "गाडी पोरगा चालवत होता, हे त्यानं चार माणसांत बोललं पाहिजे. मला दुसरं काही नको."

गाडीचा विमा आमच्याच कंपनीचा. बाईंनी पहिल्याच दिवशी साहेबांना सांगितलं, "ही फाईल माझ्या टेबलावर नको. माझा भाऊ आहे यात." फाईल शेजारच्या टेबलावर गेली आणि बाईंनी तिला शेवटपर्यंत हात लावला नाही. त्यांच्या सूडाला सोवळं होतं, असं म्हणायला हरकत नाही.

गाडीची पाहणी माझ्याकडे आली. गाडी वामनरावांच्याच गॅरेजात उभी होती. बॉनेट दुमडलेलं, रेडिएटर फुटलेला, डावं मडगार्ड आत गेलेलं, आणि बंपरच्या फटीत सायकलच्या मडगार्डचा हिरवा तुकडा अडकलेला. मी तो ओढून काढला आणि काय करावं न कळून खिडकीत ठेवला. कामावरून परत जाताना बाई गॅरेजच्या फाटकाशी थांबल्या होत्या. आत आल्या नाहीत. "नीट होईल का हो ही?" त्यांनी विचारलं.

"होईल. नवी असल्यासारखी होईल."

"होऊ द्या," त्या म्हणाल्या.

आणि झाली. डेंटरनं मडगार्ड ठोकून बाहेर काढलं, जिथं निघालं नाही तिथं लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, घासली, वर रंग मारला. काम झाल्यावर मी पुन्हा बघायला गेलो तेव्हाही बाई फाटकाशी होत्या. या वेळी आत आल्या आणि गाडीवरून हात फिरवून म्हणाल्या, "कुठं लागलं होतं ते कळतसुद्धा नाही."

"कळतं," मी म्हणालो. मडगार्डच्या चांगल्या भागावर बोटानं टिचकी मारली. टण्ण वाजलं. मग जिथं लांबी भरली होती तिथं मारली. बद्द आवाज आला. "इथं पत्रा नाही, नुसती लांबी आहे. डोळ्याला दिसत नाही, हाताला लागत नाही. टिचकी मारली की बोलते."

बाईंनी स्वतः दोन्हीकडे टिचकी मारून बघितली. पुन्हा पुन्हा मारली. डेंटर बघत राहिला.

"फक्त जागा माहीत पाहिजे," त्या म्हणाल्या.

पुढची काही वर्षं बाई भाऊशेठमधली ती जागा शोधत होत्या. मिलिंदच्या भरपाईचा खटला ठाण्याला चालू होता, म्हणजे चालत नव्हता. तारखा पडायच्या. भाऊशेठ दरवर्षी पॉलिसी नवी करायला शाखेत यायचे आणि बाई त्यांना खुर्ची द्यायच्या, पंखा लावायच्या, पिंट्याची चौकशी करायच्या. मला राहवायचं नाही. "तुम्ही याला चहा कसा पाजता?" मी विचारायचो.

"बघते," त्या म्हणायच्या. "बद्द कुठं वाजतंय ते."

भाऊशेठ बसले की मुलाबद्दलच बोलायचे. धाव्या वर्षी ट्रॅक्टर हाणला. बैलांची जोडी उधळली तर एकट्यानं धरली. त्याच्या हाताला जे वळण हाय ते पंचक्रोशीत न्हाय. एकदा शिपाई मध्येच म्हणाला, "शेठ, आमच्या साहेबांचा मुलगाही गाडी छान चालवतो." भाऊशेठ त्याच्यावर असे उखडले की चहा सांडला. बाईंनी फडकं आणून टेबल पुसलं. पुसता पुसता माझ्याकडे बघून हसल्या आणि त्या हसण्याचा अर्थ मला पुढे कळला.

खटल्यात आता साक्षी व्हायच्या होत्या. त्याआधी कंपनीच्या वकिलांनी मालक आणि ड्रायव्हर यांना शाखेत बोलावलं. नेहमीचं काम. कंपनीलाही भांडायचं नव्हतं. ड्रायव्हरला लायसन आहे, चूक त्याची आहे, भरपाई देऊन मोकळं व्हायचं. भाऊशेठ आले, लक्ष्मण आला, आणि गाडी घेऊन पिंट्याही आला. आता त्याला लायसन होतं आणि पोटही सुटलं होतं. साहेबांच्या केबिनीत सगळे बसले. गाडीच्या नुकसानीबद्दल विचारायचं म्हणून मलाही बोलावलं होतं.

बाई चहा घेऊन आल्या. शिपाई रजेवर नव्हता, दारातच उभा होता. ट्रे बाईंच्या हातात कसा, हे तोच पुढे आठवडाभर सगळ्यांना सांगत होता. बाईंनी पहिला ग्लास लक्ष्मणपुढे ठेवला. मालकाच्या आधी ड्रायव्हरला. लक्ष्मण गडबडून उठायला लागला.

"बसा लक्ष्मणभाऊ," बाई म्हणाल्या. "माझ्या भावाला तुमच्या गाडीनं उडवलं हे खरं. पण खरं ते खरं म्हणावं. त्या वळणावर दुसरा कोणी असता तर गाडी सरळ नाल्यात गेली असती. सगळे मेले असते. तुम्ही ती काठावर धरलीत. केवढा हात पाहिजे त्याला! काय हो साहेब?"

हा 'साहेब' मी होतो. मी म्हणालो, "हो. वळणावर जाऊन चाकाच्या खुणा मी पाहिल्यात. गाडी काठावर राहिली ही कमाल आहे." यात खोटं काही नव्हतं.

लक्ष्मण खाली बघत होता. पिंट्या नखं खात होता. भाऊशेठनी मिशीवरून हात फिरवला.

"सोपं नाही अहो ते," बाई पुढे म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज लोण्यासारखा झाला होता. "नवशिका असता तर संपलंच होतं. समजा, पिंट्याशेठ असते त्या जागी, पोर वय, हात बसलेला नाही, तर आज गाडीही नसती आणि पिंट्याशेठही नसते. लक्ष्मणभाऊ होते म्हणून निभावलं अहो. ड्रायव्हर असावा तर असा."

"कोन?" भाऊशेठ म्हणाले.

"लक्ष्मणभाऊ."

"ह्यो?" भाऊशेठनी ग्लास खाली आपटला. "ह्याला गाडी मागं घ्यायला जमत न्हाय! ह्यो काय नाल्यावर गाडी धरनार? माज्या पोरानं ष्टेरिंग कापला म्हून गाडी ऱ्हायली! त्या वयात दुसऱ्या कोनाच्या पोरानं..."

आणि ते थांबले. बापरे, कसे थांबले. पिंट्याच्या तोंडात बोट तसंच राहिलं होतं.

"म्हणजे भास नव्हता," साळवेबाई म्हणाल्या.

भाऊशेठ सावरायला बघत होते. "तसा न्हाय, मी नुसता म्हन्तो का..." पण वकिलांची मान आता लक्ष्मणकडे वळली होती. लक्ष्मण उभा राहिला होता. इतकी वर्षं दुसऱ्याचा गुन्हा डोक्यावर घेऊन तो गप्प होता. त्याबद्दल त्याचं काही म्हणणंही नव्हतं. पण जन्मात पहिल्यांदा चार शिकलेल्या माणसांत कोणीतरी त्याला पहिला चहा दिला होता, त्याच्या हाताची तारीफ केली होती, आणि मालकानं ती जागच्या जागी मातीत घातली होती.

"मना गाडी मागं घ्यायला जमत न्हाय?" तो म्हणाला. "मना? शेठ, तुमचे गोदामात ट्रक कोन लावतं उलटे? तुमचा बाप?"

"लक्ष्मण, खाली बस," भाऊशेठ म्हणाले.

"न्हाय बसत. सायेब, लिवून घ्या. मी त्या दिशी अकलोलीला व्हतो. भाचीची हलद व्हती. मी नाचत व्हतो, सगला गाव हाय साक्षीला."

हे खरं होतं आणि गंमत अशी की ते लपवलेलंही नव्हतं. आमच्याकडच्या हळदीला गाव लोटतं. अख्ख्या अकलोलीनं त्याला नाचताना पाहिलं होतं. फक्त तिथं जाऊन कोणी विचारलं नव्हतं.

बाईंनी रिकामे ग्लास ट्रेमध्ये गोळा केले आणि बाहेर गेल्या. त्यांचं काम झालं होतं. दारातून जाताना त्यांनी पिंट्याच्या भरलेल्या ग्लासावर बोटानं हलकेच टिचकी मारली, ती मला आणि त्यालाच ऐकू आली.

पुढचं सगळं कायद्यानं व्हायचं तसं झालं. कंपनीनं हात झटकले. लायसन नसलेल्या मुलाच्या हातात गाडी दिली म्हणून भरपाई भाऊशेठनं स्वतः द्यायची, असा हुकूम झाला. त्यांनी वर अपील केलं, ते हरले, आणि सगळ्यात वाईट म्हणजे हे सगळं पंचक्रोशीत झालं. त्यांच्या शर्यतीच्या बैलांना सोडताना लोक ओरडायचे, "गाडी कोन चालवतंय?"

मिलिंद सुरुवातीला बहिणीवर वैतागला होता. "ताई, कंपनीनं सरळ दिले असते. तू उगाच लांबवलंस."

"पैसे कोणाचेही चालतात रे," बाई म्हणाल्या. "नाव त्याचंच पाहिजे होतं."

मग एक दिवस मिलिंद काठी टेकत नाक्यावरच्या सलूनमध्ये जाऊन बसला. पेपर वाचला, कोणाशी तरी वाद घातला. कोणी त्याला भास्या म्हणालं नाही. बाईंनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांचा चष्मा ओला झाला होता, आणि त्यांनी तो पुसलाही नाही.

लक्ष्मणची नोकरी अर्थातच गेली, आणि खोटी सही केल्याबद्दल पोलिसांनीही त्याला फिरवला. तो मिलिंदपुढे हात जोडायला आला तेव्हा बाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत. थोड्याच दिवसांत तो त्या मामूवाल्या शेठचा टेम्पो चालवताना दिसला. शेठकडे शब्द कोणी टाकला असेल हे विचारायची गरज नव्हती. तरी मी विचारलं, "मग केलंत म्हणा त्याला माफ."

"छे हो. माफ कशाला? त्याच्या पोरांना जेवायला लागतं, म्हणून सांगितलं."

त्यांचा हिशेब असा माणसागणिक वेगळा होता. वामनराव वारले. गॅरेज मुलाकडे आलं. तो पहिल्यांदा शाखेत आला तेव्हा मी मुद्दाम खालच्या खणाकडे बघत बसलो. बाईंनी त्याला चहा ग्लासात दिला. "त्यानं काय केलंय?" म्हणाल्या. कप मात्र त्यांनी टाकून दिला नाही. निवृत्त झाल्या त्या दिवशी फडक्यात गुंडाळून घरी नेला. निरोपाच्या समारंभात सगळे त्यांच्या प्रेमळ स्वभावाबद्दल बोलले. उत्तर द्यायला त्या उठल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही चांगलं बोललात. पण मी प्रेमळ नाही. ज्यांच्याशी प्रेमळ होते त्यांना माहीत आहे, आणि ज्यांच्याशी नव्हते त्यांनाही माहीत आहे." आणि खाली बसल्या.

पिंट्याचं म्हणाल तर त्याचा पिंट्याशेठ झाला. नव्वदच्या दशकात गोदामं वाढली तसा तोही वाढला. मोठी गाडी घेतली, बंगला बांधला, पण ड्रायव्हर कधी ठेवला नाही. ठेवायची सोयच नव्हती. त्याच्या कुठल्याही गाडीला जरा ओरखडा पडला की भिवंडीतला शेंबडा पोरगाही विचारायचा, "गाडी कोन चालवत व्हतं?" त्यामुळे तो बारशाला, बाराव्याला, वज्रेश्वरीला, सगळीकडे स्वतःच गाडी चालवत जायचा आणि घामानं भिजून उतरायचा.

साळवेबाईंना मी शेवटचं पाहिलं ते टेमघरला, त्याच वळणावर. मी एका गॅरेजाबाहेर उभा होतो. बाई आणि मिलिंद रस्ता ओलांडायला थांबले होते. बाईंचे केस पांढरे झाले होते, हातात भाजीची पिशवी होती. मिलिंद काठी घेऊन. तेवढ्यात पिंट्याशेठची मोठी गाडी आली. त्यानं या दोघांना पाहिलं आणि करकचून ब्रेक मारला. मागे ट्रक, टेम्पो, रिक्षा, सगळं थांबलं.

बाई रस्त्यात उतरल्या. पण पलीकडे गेल्या नाहीत. गाडीच्या खिडकीशी गेल्या, चष्मा वर केला, वाकून आत पाहिलं.

"गाडी कोण चालवतंय?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी मऊ. "पिंट्याशेठ, तुम्हीच ना? का मला भास होतोय?"

"मीच हाय, बाई," पिंट्याशेठ म्हणाला. स्टिअरिंगवरचे दोन्ही हात त्यानं हलवले नाहीत.

"मिलिंदला ऐकू नाही गेलं."

"मीच हाय," तो मोठ्यानं म्हणाला.

मग बाईंनी मिलिंदचा हात धरला आणि दोघं गाडीसमोरून निघाली. मागे हॉर्न वाजायला लागले, कोणीतरी हिंदीत शिव्या दिल्या. पिंट्याशेठनं हॉर्नला हात लावला नाही. मिलिंद इतक्या वर्षांत काठीवर चांगला झपझप चालायला शिकला होता. दोनदा तो पुढे व्हायला लागला आणि दोनदा बाईंनी त्याला मागे ओढलं. रस्त्याच्या मधोमध त्या थांबल्या, भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली, आणि पुन्हा चालायला लागल्या. हळूहळू.